रांगेतली शेवटची सेगवे

ह्यांनी दोघांसाठी सेगवेची, म्हणजे उभ्याने चालवायच्या दोनचाकी गाडीची, सहल ठरवली आणि आठवड्याभरात हार्ट अटॅकने गेले. मी हट्टाने एकटीच आले. ह्यांची सेगवे बागेच्या फाटकाशीच उभी राहिली.

"पुढे झुकलं की चालते. वर माणूस नसेल तर जागची हलत नाही," गाइडने बजावलं.

तळं झालं, घड्याळाचा मनोरा झाला. रांगेत शेवटची मीच. पुतळ्यापाशी माझ्या मागे चाकांची घरघर आली, रेंगाळत. हेसुद्धा जन्मभर असेच, दिसेल ती पाटी वाचत मागे राहायचे. सवयीने, वळून न बघताच मी खेकसले, "अहो, पाय उचला की जरा!"

घरघर वाढली. ती रिकामी सेगवे माझ्या बरोबरीला येऊन थांबली.

उभ्या जन्मात ह्यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं.