सिंकच्या भोकातला संगमरवर

मी एक जुना संगमरवराचा तुकडा आहे, मित्रांनो, आणि मी डूख धरतो.

माझा जन्म समुद्राच्या तळाशी झाला. मेलेल्या शिंपल्यांचा चुना साचला, त्यावर गाळाचे थर चढले आणि मी खोल गाडला गेलो. तिथल्या उष्णतेने मला भाजले, दाबाने चेपले; पण मी वितळलो नाही. घन असतानाच माझे कण नव्याने वाढले आणि एकमेकांत घट्ट रुतले. शिंपल्यांची नक्षी पुसली गेली, चुना मात्र तोच राहिला. शेजारच्या वाळूच्या दगडाचा त्याच भट्टीत क्वार्टझाइट झाला. तो माझ्याहून कितीतरी कठीण. लिंबाला तो भीक घालत नाही.

दगडांच्या दुकानदाराने क्वार्टझाइटचेच नाव मला चिकटवले आणि सरबतवाल्या मावशींना ओट्यासाठी विकले. सिंकसाठी भोक पाडताना निघालेला चौकोन म्हणजे मी. नमुना म्हणून त्याने मला दुकानातच ठेवले. एवढा जाच सोसून मी संगमरवर झालो, आणि या माणसाने ते नाव फुकटात पुसले! मी संधीची वाट पाहू लागलो. वाट पाहण्याची मला सवय आहे.

एके दिवशी मावशी तणतणत आल्या. "लिंबू सांडलं की ओट्यावर पांढरे डाग! सासूबाई म्हणतात, मीच ओटा नासवला. उद्यापासून घरात सरबत करायचं नाही म्हणे!"

"तेजाब ओतलं असेल तुम्ही," दुकानदार हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं! हा बघा तुमच्याच ओट्याचा तुकडा. आहे का एक तरी डाग?"

"मग पिळा की त्यावर लिंबू."

गिऱ्हाइके बघत होती. हा क्वार्टझाइटच, ही थाप रोज मारता मारता त्याला स्वतःलाच खरी वाटू लागली होती. त्याने चहासाठी कापलेली लिंबाची फोड ऐटीत उचलली.

पीळ, बाबा, पीळ.

थेंब पडले. माझ्या चुन्याला आम्ल भिडले आणि बारीक बुडबुडे उठले. त्याने घाईने पुसले, तर खाली चकाकी गेलेला डाग. मला झोंबले खरे, पण त्याचा उतरलेला चेहरा पाहून मी भरून पावलो.

"शेठ, अंगण तुमचंच वाकडं निघालं की!" एक गिऱ्हाईक म्हणाले.

"ओटा बदलून द्या," मावशी म्हणाल्या. "आणि आत्ता घरी चला. डाग कुणामुळे पडले, ते सासूबाईंना तुमच्या तोंडाने सांगा."

तो मान खाली घालून गेला.

मित्रांनो, क्षमा करायला मी तुम्हाला शिकवणार नाही. आम्हाला फोडा, घासा, पायाखाली घाला. पण आमचे नाव चोरू नका. दुकानदार आता माझा डाग घालवायला पॉलिश घेऊन बसला आहे. घालवू दे. लिंबे काही संपलेली नाहीत.