उल्केतले जीव

गंगाधर देगावकर मास्तरांना जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची. सोलापूरच्या एका हायस्कुलात ते शास्त्र शिकवीत. शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र आलं, तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं तळ्यातल्या पाण्याचा एक थेंब त्याखाली धरला आणि त्या दिवसापासून त्यांचं अन्नपाणी बिघडलं. दुसऱ्याच्या घरचा चहा बंद झाला. लग्नाच्या पंगतीत वाढपी वाकला की त्याच्या कपाळावरचा घाम आमटीत पडतो की काय, तिकडेच त्यांचं लक्ष. बहुतेक वेळा पानावरून उपाशीच उठत.

एकोणीसशे बत्तीस सालच्या अखेरीस त्यांच्या वाचनात एक बातमी आली. आभाळातून पडलेले दगड फोडून त्यांत जिवंत जंतू सापडल्याचा दावा अमेरिकेतल्या कुणा शास्त्रज्ञानं केला होता. मास्तरांनी ती तीनदा वाचली. जीवाची सुरुवात पृथ्वीवर झालीच नसेल तर? माणसाची थुंकी, घाम, मळ यांचं नावही नव्हतं, अशा कुठल्या तरी लख्ख जागी झाली असेल तर? तो जीव स्वच्छ असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि ते काही केल्या जाईना.

पुढच्या फेब्रुवारीत अक्कलकोटच्या बाजूला भर दुपारी मोठा गडगडाट झाला आणि नागव्वा नावाच्या विधवेच्या जोंधळ्यात एक काळा दगड येऊन पडला. बातमी सोलापुरात पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मास्तर रानात हजर.

बघतात तर दगडाचा देव झालेला. तेल, शेंदूर, कुस्करलेली केळी, वर बोकडाचं वाळलेलं रक्त आणि माश्या एवढ्या की दगड हलतोय असं वाटावं. एका बाईनं मांडीवरचं फुटलेलं गळू त्याला घासलं. लगेच दुसऱ्यानं त्यावर तांब्या ओतला आणि ओघळलेलं पाणी ओंजळीत धरून पिऊन टाकलं. मास्तरांनी नाकाला उपरणं लावलं. ते बांधाकडे वळले.

बांधावर नागव्वा कपाळाला हात लावून बसली होती. आपण सोलापूरचे शाळामास्तर, असं त्यांनी तिला सांगितलं. "बगा की मास्तर, समदं पीक तुडवलं," ती म्हणाली. "देव कसला, धोंडा हाय त्यो! आजून एक तुकडा पडलाय तिकडं. म्या कुनाला बोलले न्हाय. तुमी न्या, नायतर ऱ्हायलेलं रान बी जाईल."

निवडुंगाच्या कुंपणाखाली मुठीएवढा तुकडा मातीत रुतला होता. मास्तरांनी उकळून वाळवलेलं फडकं पिशवीतून काढेपर्यंत नागव्वानं तो उपसला, त्यावर पचकन थुंकली आणि पदरानं पुसून लख्ख केला.

"अहो, थुंकलात काय!"

"मग काय, मातीसकट न्येता व्हय?" ती म्हणाली.

मास्तरांनी तो फडक्यात घेतला. वरचा भाग जाळता येईल, आतला कुणी पाहिलाय, अशी मनाची समजूत घालत ते घरी आले.

जंतू वाढवायला मटणाचा रस्सा लागतो. मास्तरांच्या सात पिढ्यांत कुणी मटणाला शिवलं नव्हतं. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी स्वतः तो उकळला. वासानं दोनदा ओकले आणि तोंड धुऊन पुन्हा ढवळायला बसले. दगड स्पिरिटात धुतला, ज्योतीवर भाजला, त्यातला अर्धा भाजलेल्या खलात कुटला आणि पूड रश्श्याच्या काचनळ्यांत घालून तोंडाला कापसाचे बोळे लावले.

चौथ्या दिवशी एक नळी गढूळ झाली. यंत्राखाली इवल्या काड्या वळवळत होत्या. मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली. तसेच धावत ते शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांच्याकडे गेले आणि सगळं सांगून बसले. आबासाहेबांनी त्याच संध्याकाळी मास्तरांच्या व्याख्यानासाठी पुढल्या आठवड्यातल्या रविवारी नवी पेठेतलं सभागृह ठरवलं. दुसऱ्या दिवशी गावभर पत्रकं लागली: 'सोलापुरात परलोकीचे जीव!'

पण मुलांना नेहमी सांगत, तो उलटा पडताळा, म्हणजे साध्या वस्तूवर तोच प्रयोग करून बघणं, मास्तरांचा राहून गेला होता. त्यांनी शाळेच्या आवारातला साधा काळा दगड आणला आणि सगळा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून केला. ती नळीही गढूळ झाली. त्याच काड्या, तीच वळवळ. मग त्यांना आठवलं, दोन्ही वेळा कुटताना आपण खलावर वाकून स्वतःशी बडबडत होतो. त्यांनी काडीनं आपल्या दातांवरचा मळ खरवडला आणि यंत्राखाली धरला. तिथंही त्याच वळवळत्या काड्या!

त्यांनी हिरड्यांतून रक्त येईपर्यंत चुळा भरल्या. पुन्हा खरवडलं. पुन्हा काड्या. बोकडाच्या रक्तापाशी आली नव्हती इतकी शिसारी त्यांना स्वतःच्या तोंडाची आली.

"व्याख्यान रद्द करा," ते आबासाहेबांना म्हणाले.

आबासाहेब पान चघळत होते. "दुसरा दगड तपासा म्हणून कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग तपासला नाही असं समजा." त्यांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ हनुवटीवर उतरला. "लोक काय, तुमच्या नळीत डोकावणार आहेत?"

मास्तरांना तो हात पाठीवरून झटकून टाकावासा वाटला. नागव्वा थुंकली ती सगळ्यांदेखत थुंकली. हे मात्र घाण झाकून वर अत्तर लावायला सांगत होते.

रविवारी सभागृह गच्च भरलं. मास्तर उभे राहिले.

"मला जीव सापडले, हे खरं आहे. पण ते आभाळातले नाहीत. ते माझ्या तोंडातले आहेत."

मागून कुणी ओरडलं, "मास्तर, दात घासत चला!" सभागृह हसण्यानं दणाणलं. आबासाहेब उठून चालते झाले. मास्तर अर्धा तास बोलत राहिले. पृथ्वी, चंद्र, सूर्य कसे घडले असतील, हा दगड कदाचित आपल्या सगळ्या डोंगरांहून जुना आहे आणि त्यात काय होतं हे आता कुणालाच कळणार नाही. शेवटी समोर बाराजण उरले. त्यांतले चार झोपले होते.

सोमवारी प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली गेली. शास्त्राचे तास जाऊन त्यांना संस्थेच्याच प्राथमिक शाळेत मराठी पहिलीचं शुद्धलेखन मिळालं. परलोकीच्या जीवांची बातमी एका साप्ताहिकानं तरीही छापली, आबासाहेबांच्या नावानिशी. मास्तरांनी खुलासा धाडला, तो छापून आला नाही.

न कुटलेला अर्धा तुकडा तेवढा त्यांच्यापाशी राहिला होता. तो त्यांनी खोक्यात घालून कलकत्त्याच्या सरकारी भूगर्भ खात्याकडे पाठवला. सोबत चिठ्ठी लिहिली: 'नमुना अस्वच्छ. जीव शोधण्यास निरुपयोगी. हाताळणारा, गंगाधर देगावकर, शिक्षक.'