बिराप्पांच्या मेंढरांचं पान

"जैनू, लिवायचं तर खरं लिव. मेंढरं येत्याल असं लिवलं, तर आली पायजेत. न्हाई तर लिवूच नगंस."

मित्रांनो, माझ्या जन्माच्या वेळी कानावर पडलेले हे शब्द. बोलणारे होते आटपाडीकडचे मेंढपाळ बिराप्पा. ज्यांना ते बजावत होते ते त्यांचे मित्र जैनुद्दीन, एसटी स्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानाचे मालक. मी एक जुनी वेबसाइट आहे. एकाच पानाची. माझ्याहून देखण्या वेबसाइटी तुम्ही रोज बघत असाल. पण देवानं मला जी माणसं दिली ती फार थोड्यांच्या वाट्याला येतात, म्हणून ही हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटली.

आमच्याकडचं रान कोरडं. दिवाळी झाली की मेंढपाळ आपली मेंढरं घेऊन पश्चिमेला, पाण्याच्या मुलखात उतरतात. तिथले शेतकरी त्यांची वाटच बघत असतात. रात्रभर मेंढरं शेतात बसली की लेंड्यांचं खत रानभर पडतं आणि त्याबदली मेंढपाळाला धान्य मिळतं. याला मेंढरं बसवणं म्हणतात. बिराप्पा कुंडलच्या बाजूला जायचे. पण यंदा ते कुठं उतरलेत, हे शोधायला शेतकऱ्याला गावंच्या गावं हिंडावी लागायची. म्हणून जैनूभाईंच्या मनात आलं, आपल्या मित्राचं एक पान करून इंटरनेटवर ठेवावं.

त्यांच्याकडे वेबसाइट रचायचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यात फोटो इथं ठेव, अक्षरं तिथं सरकव, असं करत त्यांनी मला घडवलं. त्या काळी मराठी अक्षरांची मोठी पंचाईत होती. इथं नीट दिसलेली ओळ दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन होऊन बसायची. जैनूभाईंनी युक्ती काढली. त्यांनी प्रत्येक ओळीचं चित्र केलं आणि ती चित्रं माझ्यावर चिकटवली. त्यामुळे मी कुठंही उघडा, मराठी शाबूत! ते स्वतःवर इतके खूश झाले की दुकानात येईल त्याला मला दाखवत सुटले.

सगळ्यात वर 'बिरोबाच्या नावानं चांगभलं'. खाली बिराप्पांचा फोटो, खांद्यावर घोंगडं आणि बगलेत एक पांढरी मेंढी. मेंढीचं नाक आमच्या मुलखातलं, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. मग जैनूभाईंनी विचारलं, "मेंढरं किती लिहू?"

"मोजून सांगत्यात व्हय?" बिराप्पा दचकलेच. "नजर लागंल माझ्या लक्ष्मीला! लिव, रान भरंल एवढी."

तसंच लिहिलं. शेवटच्या ओळीत बिराप्पांचा निरोप आणि फोन नंबर आला: 'रानात मेंढरं बसवायची असतील तर ह्या नंबरावर बोलवा. शब्द दिला की येणार.'

बिराप्पांच्या मालकीणबाई, रंगुबाई, दुकानाच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होत्या. पान तयार झालं तशा त्या उठल्या, कनवटीची पुडी सोडली आणि कॉम्प्युटरच्या काचेला बिरोबाचा भंडारा लावला. जैनूभाईंनी तो पिवळा टिळा कधीच पुसला नाही. झाडलोट करणाऱ्यालाही सांगून ठेवलं होतं, "तेवढा कोपरा सोडून पूस रं."

मित्रांनो, पुढची कितीतरी वर्षं सुखाची गेली. दरसाल निघण्याआधी बिराप्पा दुकानात यायचे. चहा व्हायचा, थट्टा व्हायची आणि मुक्कामाच्या गावांची ओळ बदलून घेतली जायची. फोन यायचे. बोलावलेल्या रानात मेंढरं पोचायची. माझ्यावर लिहिलेलं एकही अक्षर त्यांनी खोटं पडू दिलं नाही. एका पानाला याहून मोठं भाग्य कोणतं?

पण काळ कुणासाठी थांबत नाही. ज्या सॉफ्टवेअरनं मला घडवलं, ते चालवणाऱ्या कंपनीनं ते बंद केलं. ते सॉफ्टवेअर उघडताना दरवेळी आपल्या कंपनीला साद घालायचं आणि पलीकडून ओ आली की मगच कामाला लागायचं. आता ओ देणारंच कुणी उरलं नाही. जैनूभाई बटण दाबायचे, चक्र फिरत राहायचं, मी काही उघडायची नाही. लोकांना मी दिसत होते, पण माझ्यातला एक काना बदलायची सोय राहिली नाही.

त्यातच गेल्या वर्षी ज्येष्ठात बिराप्पा देवाघरी गेले.

त्यांचा फोन कपाटात पडून राहिला आणि रिचार्जवाचून बंद झाला. पुढं तो नंबर मोबाइल कंपनीनं कुणा परक्या माणसाला देऊन टाकला. माझ्यावर मात्र तोच नंबर होता. बोलावणारे बोलवत होते आणि तो परका माणूस "राँग नंबर" म्हणून फोन ठेवत होता. त्या दिवाळीला रंगुबाईंकडे एकाचंही बोलावणं आलं नाही. त्यांचा मुलगा मल्हार मेंढरं घेऊन असाच वाट फुटेल तिकडे हिंडून आला. यंदा त्यानं आईला स्पष्ट सांगितलं, "आये, दिवाळीपातूर एक तरी बोलावणं आलं तर जाऊ. न्हाई तर मेंढरं इकायची आन मी फलटणला कारखान्यावर कामाला लागणार."

रोज पहाटे अंघोळ करून रंगुबाई बिरोबाला दिवा लावायच्या आणि मग मल्हारनं घेऊन दिलेल्या फोनवर मला उघडायच्या. वाचता येत नव्हतं, पण फोटो दिसायचा. फोटोला हात जोडून झाल्यावरच चहा घ्यायचा, असा त्यांचा नेम होता. मल्हार तसं बोलला त्याच्या दुसऱ्या दिवशी हात जोडले, चहा घेतला आणि त्यांनी थेट आटपाडीची एसटी धरली.

दुकानात आता जैनूभाईंचा मुलगा तारिक मोबाइल दुरुस्त करायचा. सून अर्फा कॉम्प्युटरची कामं बघायची. रंगुबाईंनी पानावरच्या बंद नंबराच्या जागी आपला नंबर घालायला सांगितला तसा तारिक हसला.

"मावशी, ते सॉफ्टवेअर मेलं. अब्बा अजून त्याचं कौतुक करत्यात. मेल्या म्हशीला मणभर दूध! थांबा, फोनवरच तुमाला नवं पान करून देतो."

आणि खरंच, चहा येईपर्यंत त्यानं पान तयार केलं. गुळगुळीत, रंगीत. वर हिरवंगार कुरण आणि कापसाच्या बोंडासारखी मेंढरं. माझा जीव टांगणीला लागला. वाटलं, संपलं आपलं.

रंगुबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "तारिक, ही पावनी मेंढरं कुठली आनलीस रं?"

"नेटवरची हायत, मावशी."

"नाक बघ की त्यांचं! बसकं, चापट. कुंडलची मानसं म्हनत्याल, बिराप्पाच्या मेंढवाड्यात ही कोन घुसली? पानच खोटं वाटंल. नंबर खरा आसला म्हनून कोन इस्वास ठेवंल?"

अर्फा तोंडाला पदर लावून हसू लागली. कोपऱ्यातल्या खुर्चीतून जैनूभाई म्हणाले, "मी बिराप्पाला शब्द दिलता, मी हाय तवर तुझं पान खोटं पडू द्यायचा न्हाई म्हनून. आता डोळं साथ देत न्हाईत. अर्फा, तू बघशील का, बेटा?"

अर्फानं बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचा नाद सोडला. मी जिथं राहते त्या दूरच्या कॉम्प्युटरवरून तिनं माझी फाइल उतरवून घेतली आणि साध्या लिहायच्या खिडकीत उघडली. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं आतलं अंग वाचत होतं. आत सगळं जाग्यावर होतं, नुसतं वाचायला माणूस हवं होतं.

पण अर्फाच्या कपाळाला आठी पडली. "अब्बा, हितं नंबर न्हाईच. अक्षरच न्हाई एकबी. नुसती चित्रांची नावं हायत."

जैनूभाईंची ती युक्ती आता आडवी आली होती. नंबर होता तो निरोपाच्या चित्रात. तो काढायचा तर बिराप्पांचा निरोपही काढावा लागणार होता. मग अर्फा हळूच म्हणाली, "मावशी, मी ती ओळ आता खऱ्या अक्षरांत लिवते. त्यांचं बोलनं तुमाला आठवतंय का?"

"आठवतंय का?" रंगुबाई म्हणाल्या. "आगं, दरसाल वाटंला लागताना त्येच म्हनत हुते. लिव: रानात मेंढरं बसवायची असतील तर ह्या नंबरावर बोलवा. शब्द दिला की येणार."

अर्फानं लिहिलं. नवा नंबर घातला. मग तिची बोटं थबकली. "आन मावशी... बोलावनारा बिराप्पाकाकांनाच इचारंल. काय लिवू?"

बिराप्पा गेले, हे रंगुबाईंच्या तोंडून अजून कुणी ऐकलं नव्हतं. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "लिव. बिराप्पा देवाघरी गेलं. शब्द हितंच हाय."

त्या ओळीसुद्धा माझ्यावर उमटल्या. तारिक मघापासून मान खाली घालून बसला होता. त्यानं आपलं गुळगुळीत पान पुसून टाकलं आणि म्हणाला, "मावशी, चहा गार झाला. दुसरा सांगतो."

चित्रातली अक्षरं इंटरनेटवर शोधणाऱ्या यंत्राला, म्हणजे सर्च इंजिनला, वाचता येत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी जगासमोर होते, पण मुकी होते. ज्यांना माझा पत्ता ठाऊक, तेवढेच यायचे. आता मला वाचा फुटली. कुणी 'मेंढरं बसवायची' असं लिहून शोधलं की मी समोर येऊ लागले. तरी दिवस जात होते आणि फोन काही वाजत नव्हता. मल्हारकडे एक व्यापारी मेंढरं बघूनही गेला.

दिवाळीच्या तोंडावर एका पहाटे रंगुबाईंनी मला उघडलं, हात जोडले, आणि हातातच फोन वाजला.

"आवं, बिराप्पांच्या घरचं का? मी कुंडलची तानुबाई. आमच्या नातवानं, शंभूनं, आत्ता तुमचं पान काढून वाचून दावलं. बिराप्पा गेलं, मला म्हाईतच न्हाई वो बाई. गेल्या साली फोन केला तर कोन तरी परकाच बोलला. मी म्हनलं, बिराप्पा आमच्यावर रुसलं. मागं जाताना म्हनलं हुतं, तानुबाई, हिरीकडचं रान फुडच्या खेपंला भरून दितो. ते रान मी तसंच ठेवलंय. दुसऱ्या कुनाची मेंढरं बसवली न्हाईत."

"तसंच ठेवलंय?" रंगुबाईंनी विचारलं.

"व्हय. शब्द दिलता न्हवं त्येनी."

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. मी कुणाकुणाचे आभार मानू? मला घडवणाऱ्या जैनूभाईंचे, माझं आतलं अंग वाचणाऱ्या अर्फाचे, का चापट नाकाच्या मेंढरांवरून भांडणाऱ्या रंगुबाईंचे? त्या बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचेही मानते, त्यानंच मला जन्म दिला. तुमच्याही घरात, गावात माझ्यासारखं काही जुनं असेल. टाकून देण्याआधी एकदा उघडून बघा. त्याच्यावर कुणाचा शब्द लिहिलेला असेल, तर तो खरा राहील एवढी काळजी घ्या. आणि अक्षरं चित्रात कोंडू नका. पुढच्या माणसाला ती बदलता आली पाहिजेत.

पाडवा झाला आणि पहाटे मेंढरं निघाली. घोडीवर बिऱ्हाड लादलं होतं. बिराप्पा गेल्यापासून रंगुबाई वाटेला लागल्या नव्हत्या, पण आज त्या पायात वहाणा घालून उभ्या होत्या.

"आये, तू कशाला? मी जातो की," मल्हार म्हणाला.

"तू मागनं ये. मेंढरं सांभाळ."

त्यांनी मला उघडलं, भंडाऱ्याचं बोट फोनच्या काचेला टेकवलं. मग फोन पदराच्या टोकाला बांधला, घोडीचा दोर हातात घेतला आणि कुंडलच्या वाटेला लागल्या.