कोपऱ्यातला पाय

“आज नको, बेटा. बायका बसायला यायच्यात,” दिवाळीबा दारातूनच म्हणाल्या.

दवाखान्यातून व्यायाम करून घ्यायला आलेली नेहल पायरीवरच थांबली. “बा, परवाही हेच म्हणालात. रसीलामासींचा गुडघा नुकताच बदललाय. आता वाकवला नाही, चालवला नाही, तर आखडून बसेल. मग माझ्याही हातात काही राहणार नाही.”

“तिचा नवरा गेलाय गं. पाय कुठे पळून चाललाय?”

आतल्या खोलीत, भिंतीच्या कोपऱ्याशी घातलेल्या गादीवर रसीलाबेन सासूचं बोलणं ऐकत होत्या. ऑपरेशननंतर जयसुखभाईच त्यांना हाताला धरून ओसरीत चालवायचे. “अजून एक फेरी, राणीसाहेब! पन्नाशीतच म्हातारी व्हायचं नाही.” पाय बरा झाला की रोज पहाटे जोडीनं महादेवाला चालत जायचं, असं ठरलं होतं. आणि तो धडधाकट माणूस दुकानात बसल्या बसल्या गेला.

सिहोरच्या त्या गल्लीत विधवेनं कोपरा पाळायचा असतो. माहेरचा भाऊ येऊन उठवीपर्यंत गादी सोडायची नाही, घराचा उंबरा ओलांडायचा नाही.

दुपारी बायका जमल्या. रसीलाबेननी चादरीखाली हळूच टाच मागे ओढून पाहिली. शेजारच्या मुक्ताभाभीची नजर घारीची.

“अगंबाई, कसरत चाललीय की काय?”

“डॉक्टरांनी सांगितलंय, भाभी.”

“सांगितलं असेल. पण आता तब्येत कमवायची ती कुणासाठी गं?”

रसीलाबेननी पाय लांब केला, चादर नीट ओढून घेतली. लग्न झाल्यापासून एक सोमवार चुकवला नव्हता. सगळी व्रतं नवऱ्याच्या आयुष्यासाठी. स्वतःच्या पायांसाठीही देवाकडे काही मागावं, हे कुणी शिकवलंच नव्हतं.

न्हाणीपर्यंत जायला मात्र मनाई नव्हती. भिंत धरून, ओठांत नाम घेत त्या जाऊ लागल्या. जाऊन आलं की थोड्या वेळानं पुन्हा. गुडघा कुरकुरायचा, पण हलायचा. चार दिवसांत दिवाळीबांच्या ते ध्यानात आलं.

“पोट बिघडलंय का गं, वहू?”

मग ताटात मऊ खिचडी आली, सकाळ-संध्याकाळ इसबगोल आलं. एवढ्यावरही फेऱ्या थांबेनात, तेव्हा बांनी बाजारातून भांडं बसवलेली खुर्ची मागवली आणि गादीशेजारी पडदा लावून ठेवली. “आता उठबस नको हो तुला.”

दिवेलागणीला बा गुडघ्याला कोमट तेल चोळत होत्या. रसीलाबेन हलकेच म्हणाल्या, “बा, पोट बरं आहे माझं. मला चालायचं होतं.”

बांचा हात थांबला.

“मीही याच कोपऱ्यात बसले होते. जयसुख रांगत होता तेव्हा. उंबऱ्यापर्यंत जायचा आणि वळून माझ्याकडे बघायचा.” त्यांनी पदरानं डोळे टिपले. “देव काही म्हणत नाही गं. न्यात म्हणते, जातीतली माणसं म्हणतात. आणि घरात तुझी लग्नाची पोर आहे.”

त्या पुन्हा तेल चोळू लागल्या. खुर्ची काही त्यांनी हलवली नाही. रसीलाबेननीही हलवा म्हटलं नाही.

नेहल अधूनमधून दारापर्यंत येऊन जायची. पुढे यायची थांबली.

श्रावण गेला, नवरात्र गेलं, दिवाळी अंधारातच गेली. मग भाऊ हरकांतभाई नवी साडी घेऊन आले आणि रीतीप्रमाणे बहिणीला हात देऊन उठवू लागले. रसीलाबेन उठल्या, पण पाय गादीवर जसा पडून होता तसाच राहिला, लाकडासारखा सरळ.

दारात माहेरी न्यायला रिक्षा उभी होती. दोघांनी धरून त्यांना आडवं बसवलं.

“बेन, पाय आत घ्या,” रिक्षावाला म्हणाला.

“येत नाही रे, भाई. तू हळू चालव.”

हरकांतभाई आत बसलेच नाहीत. बाहेर आलेल्या त्या पायाला कुणाचा धक्का लागू नये म्हणून हात आडवा धरून, ते भर बाजारातून रिक्षाच्या बाजूनं चालत राहिले.