बॉबिन भरेपर्यंत

तिने एंटर दाबलं, दोन्ही हात झटकन मांडीखाली घातले आणि ओरडली, "आता कुणीही कशालाही हात लावायचा नाही!"

"नाक खाजवलं तर चालेल का?" आतून मावशी.

मावशीला तसं कमी ऐकू यायचं. पण टोमणा मारण्यापुरतं अगदी नेमकं ऐकू यायचं.

आई खिडकीपाशी बसून एका पांढऱ्या बाहीला हाताने टीप घालत होती. शिलाईचं मशीन बंद होतं, पंखा बंद होता. टेबलावर लॅपटॉप, आणि त्याच्या काळ्या स्क्रीनवर दोनच ओळी. डिस्कचं फर्मवेअर अपडेट होत आहे. वीज बंद करू नका. त्याखाली एक बारीक पट्टी आणि आकडा. तीन टक्के.

घरात सगळ्यांना सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. डिस्कलासुद्धा स्वतःचं एक छोटं डोकं असतं, काय कुठे ठेवलंय ते तिला त्या डोक्यामुळे कळतं, त्याला म्हणायचं फर्मवेअर. आणि या डिस्कच्या डोक्यात जन्मजात खोट निघाली होती. कंपनीने स्वतःच कबूल केलं होतं की चाळीस हजार तास भरले की डिस्क स्वतःला आतून कडी लावून घेते आणि मग ब्रह्मदेव आला तरी उघडत नाही. आईचा लॅपटॉप कधी बंदच होत नसे. बंद केला की पुन्हा उठायला रडतो म्हणून आई त्यावर नुसतं फडकं टाकायची. काल संध्याकाळी तिने तास बघितले तर एकोणचाळीस हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी! झटपट कॉपी काढली आणि वर्षानुवर्षांत पहिल्यांदा लॅपटॉप रात्रभर बंद ठेवला. पहाटे आईने तासभर काहीतरी बघायला म्हणून सुरू केला तेवढाच.

आणि त्या डिस्कवर काय होतं? आईची साडेचार वर्षं. सगळी कटिंगची ड्रॉइंग्ज, सगळी मापं. त्यात हॉस्पिटलच्या चौसष्ट नर्सेसची नवी मापं. एकीचा उजवा खांदा खाली, एकीला सातवा महिना, एकीला खिसा डावीकडेच हवा. तीन आठवडे आईने टेप गळ्यात घालून त्यांना ड्यूटी बदलताना गाठून गाठून घेतलेली. कापड येऊन पडलं होतं, उद्यापासून कापायचं होतं. मेट्रनबाई फोनवर स्पष्ट म्हणाल्या होत्या, या वेळी उशीर झाला तर पुढचं काम दुसरीकडे.

आठ टक्के.

"कॉपी आहे ना गं काढलेली?" मावशीने दारातून मान बाहेर काढली. "नाहीतर माझ्या फोनसारखं व्हायचं."

झालं. गेल्या वर्षी तिने मावशीचा फोन 'जरा साफ' करून दिला होता. इतका साफ की नातवाचं पहिलं पाऊलसुद्धा गेलं. तेव्हापासून सगळं घराणं तिला डॉक्टरीण म्हणायचं. ऑपरेशन यशस्वी, पेशंट वर. तिने वर्षभर कुणाच्या चार्जरलासुद्धा हात लावला नव्हता. लॅपटॉप अडकायला लागला तेव्हा आईनेच म्हटलं होतं, तू बघ.

"आहे कॉपी," ती म्हणाली. "काल आईच्या समोरच काढली. विचार."

आईने दोरा ओढला. "हो, काढली. मशीनची बॉबिन दोऱ्याने अर्धी भरायच्या आत झाली."

"पेन ड्राइव्ह फास्ट आहे, आई."

"हं."

एकोणीस टक्के. लॅपटॉपची बॅटरी उशीसारखी फुगली होती म्हणून गेल्या महिन्यात काढून टाकलेली. सगळा जीव भिंतीकडे जाणाऱ्या एका वायरीत. सुरुवातीला प्रोग्रामने विचारलंसुद्धा होतं, बॅटरी दिसत नाही, पुढे जायचं का? तिने 'हो' दाबलं होतं. कॉपी आहे ना. मग घाबरायचं कशाला!

पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. नुसतं बसवेना म्हणून तिने खिशातून पेन ड्राइव्ह काढला, फोनला लावायची ती छोटी जोडणी काढली आणि लावला. उगाच. एक चौदा नंबरची नर्स उघडून बघू, मजा म्हणून.

फोनवर एकच फाइल दिसली. 'मापं'. नावापुढे शॉर्टकट. आकार, दोन केबी.

तिने पुन्हा बघितलं. पेन ड्राइव्ह काढला, फुंकर मारली, पुन्हा लावला. दोन केबी. म्हणजे डेस्कटॉपवरून तिने जे ओढून आणलं होतं ते फोल्डर नव्हतंच, फोल्डरचा नुसता पत्ता होता. घर तिकडेच, डिस्कवर. आणि डिस्कच्या डोक्याची कवटी या क्षणी उघडी होती.

एकेचाळीस टक्के.

आणि नेमकं तेव्हाच आतून आवाज आला. फुस्स. फुस्स फुस्स. मावशीची पाण्याची बाटली! मावशी इस्त्रीआधी कपड्यावर पाणी मारायची. आणि या घरात इस्त्री लावली की फ्यूज उडायचा, म्हणजे उडायचाच. त्यासाठी घराचा नियम होता. मावशी आतून "इस्त्री!" म्हणून हाळी देणार, मग आई मशीन थांबवून फ्रिज बंद करणार, "लाव" म्हणणार, तेव्हा बटण. पण मावशी चार वेळांतून एकदा हाळी विसरायची.

ती उठली ती खुर्ची पाडूनच.

"मावशी! नको! बटण नको!"

मावशी बाटली हातात धरून तिच्याकडे बघत राहिली. टेबलावर आधीच्या ऑर्डरचे ओले गणवेश. भिंतीचं बटण वर, म्हणजे बंदच. आणि इस्त्री नव्हतीच.

"इस्त्री कुठंय?"

"मला काय विचारतेस? तुझ्या आईने सकाळीच उचलून नेली. फ्रिजसुद्धा बंद करून ठेवलाय. दूध नासलं तर मला बोलायचं नाही. मी आपली पाणी मारून ठेवतेय, तेवढंच हाताला काम." मग जरा खालच्या आवाजात, "काय झालं गं? पांढरी पडलीस."

"काही नाही."

ती परत आली. इस्त्री आईच्या खुर्चीखाली होती. वायर गुंडाळून, वर आईचा पाय. मघापासून तिथेच असणार, तिनेच बघितलं नव्हतं.

बासष्ट टक्के. आणि तिथेच थांबली पट्टी.

एक मिनिट. दोन मिनिटं. तिने खुर्ची उचलायची सोडून जमिनीवरच बसकण मारली. पंखा नाही, घाम मानेवरून पाठीत उतरत होता. सांगावं का? आणि सांगून काय होणार? बंद तर करता येत नाही. झालं नीट तर कुणाला कळणारही नाही. आत्ता गप्प बसायचं, नंतर गुपचूप खरी कॉपी काढायची, खेळ खलास.

"पांढरा दोरा दे गं," आई म्हणाली.

तिने रीळ दिलं. आईने रीळ घेतलं, सुई उजेडाकडे धरली, एका फटक्यात ओवली. आईच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला पेन्सिलीचा काळा डाग होता.

त्र्याहत्तर. अठ्ठ्याऐंशी. शंभर. 'आता लॅपटॉप पुन्हा सुरू होईल.' स्क्रीन विझली.

विझली ती विझलीच. ना आवाज, ना दिवा. काळ्या काचेत तिला तिचाच चेहरा दिसत होता आणि मागे आईचा हात, वर जाणारा, खाली येणारा. तिने मनात वीसपर्यंत मोजलं. मग चाळीसपर्यंत. मग आकडेच चुकायला लागले.

"आई."

"बोल."

"कॉपी नाहीये." आवाज फाटला तिचा. "म्हणजे काढली मी, पण ती... नुसता शॉर्टकट आला. आत काहीच नाही. मी उघडून बघितलंच नाही काल. आणि हा आता सुरू होत नाहीये. आई, चौसष्टच्या चौसष्ट—"

आईने दाताने दोरा तोडला. बाही उलटी करून टीप बघितली.

"बस जरा," ती म्हणाली. "त्याला उठायला वेळ लागतो. नेहमीच रडतो तो."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मावशी दारात येऊन उभी राहिली होती, बाटली छातीशी धरून.

आणि मग कोपऱ्यात एक बारीक दिवा लुकलुकला. काच राखाडी झाली, निळी झाली, एकेक चित्र उगवत गेलं. तिने माउस धरला, तो दोनदा निसटला. मापं. नर्सेस. चौदा नंबर. उजवा खांदा अर्धा इंच खाली. होतं. सगळं होतं.

ती हसायला गेली आणि रडायलाच लागली.

"घ्या," मावशी म्हणाली. "पेशंट जगला तरी रडते. कसली डॉक्टरीण!"

आई उठली. उठताना तिच्या मांडीवरच्या कापडाखालून काहीतरी घसरून जमिनीवर पडलं. शाळेची जुनी वही होती, लेकीचीच, सातवीतली. ती पालथी उघडली होती. तिने उचलली. मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने ओळी आखलेल्या, आईच्या बारीक अक्षरात खांदा, छाती, कंबर, बाही. एक नंबर, दोन नंबर. तिने पानं उलटली. एकेचाळीस नंबरच्या बाहीपाशी लिहिणं थांबलं होतं.

"हे पहाटे?"

"उठलेच होते."

"म्हणजे तुला कालच कळलं होतं! मग बोलली का नाहीस?"

"मला काय कळतंय त्यातलं," आई म्हणाली. "म्हटलं, असेल फास्ट."

तिने वही मिटून टेबलावर ठेवली. डोळे पुसले. या वेळी डेस्कटॉपवरून नाही, थेट आत जाऊन फोल्डर पकडलं, पेन ड्राइव्हवर सोडलं. हिरवी पट्टी आली. चाळीस मिनिटं बाकी.

आईने मशीनचा दिवा लावला, डबीतून रिकामी बॉबिन काढली आणि खुंटीवर चढवली. गर्रर्र करत दोरा भरत गेला, काठोकाठ. आईने ती उतरवली.

"किती झालं?"

"सहा टक्के."

आईने मान डोलावली आणि डबीतून दुसरी बॉबिन काढली.