बांधापलीकडचं वावर

उडी घ्यायची विमानातल्या आठ जवानांनी, पण ती घ्यायची की नाही हे ठरायचं जमिनीवरच्या हवालदार सम्राटच्या शब्दावर. आदल्या दिवशी सगळं मैदान पायी तुडवायचं, सकाळी वारा मोजायचा, धोका दिसला की लाल धूर सोडून उडी थांबवायची. त्यात यंदा सराव भांडगावच्या माळावर, म्हणजे मामाच्या दारातच. गडी नुसता फुगला होता.

काल सगळा माळ तो चालला. राहिलं ते बांधापलीकडचं मामाचं वावर. तेवढ्यात बन्सीमामानं हाताला धरून जेवायला ओढलं.

"मामा, तिकडं झाड, तार काय हाय का?"

"कायबी न्हाई. मोकळं रान हाय. बस गुमान."

आणि हा शहाणा बसला. आजोळच्या माणसावर विश्वास ठेवून त्यानं कागदावर सही ठोकली: अडथळा नाही, पाणी नाही. पाणी लिहिलं असतं तर बचावाची होडी ठेवावी लागली असती.

आज विमानाची घरघर ऐकू आली तसा मामा मोटारसायकलवरून बघायला आला. वारा नेमका बांधाकडे फिरला होता.

"बांधामागं शेततळं केलंय बघ," मामा कौतुकानं म्हणाला. "बारा फूट खोल. खाली प्लास्टिकचा कागद."

सम्राट गर्रकन बांधाकडे वळला. त्या कागदावर पाय ठरत नाही, पडलेलं जनावरसुद्धा वर येत नाही.

"काल का न्हाई सांगितलं?"

"तू झाडाचं आन् तारंचं इचारलंस. वरनं येणाऱ्याला खालच्या पाण्याचं काय व्हतंय?"

धुराचा डबा हातातच होता, कडी तेवढी ओढायची. पण मग साहेब कारण विचारणार. ते वावर चाललोच नाही, हे कबूल करावं लागणार. पुढच्या महिन्यात नायब सुभेदारीची बढती होती. सम्राट दोन श्वास थांबला.

कडी ओढली तोवर आठही जण विमानाबाहेर पडले होते. सात माळावर उतरले. आठव्याला वाऱ्यानं बांधापलीकडे नेलं.

सम्राट जीव खाऊन पळाला. तळ्यात पॅराशूटचं कापड फुगून पसरलं होतं आणि त्याच्या कडेला एक हात निळ्या कागदावर पुन्हापुन्हा घसरत होता. सम्राटनं बुटांसकट उडी टाकली. जवानाची मान पाण्यावर धरली, काठाला पाय लावला. पाय घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला.

"मामा, दोर टाका!"

काठावर मामा रिकाम्या हातांनी उभा होता.

"दोर घरी हाय रं, सम्राट!"