खोपीचे चार खांब

जस्निमार भावाला न्यायला आली ती इतक्या थाटात, की बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी नवरदेवच पळवायला निघालीय. मागे तिच्या तीन मुली, मुलींच्या डोक्यावर भाताच्या आणि नारळात आटवलेल्या मांसाच्या पराती, आणि सगळ्यांच्या पुढे ही, पंचाहत्तरीची, हातात काठीसुद्धा नाही.

तिचं काही चुकत नव्हतं. तिच्या भावाची, खैदिरची, बायको रोहानी वारली, आणि तिच्या नावाची शेवटची दुवा आदल्याच दिवशी झाली होती. आमच्याकडे घर बाईचं, भाताची खाचरं बाईची, आईकडून लेकीला जाणारी. पुरुष लग्न करून बायकोच्या घरी येतो आणि बायको गेली की बहिणीकडे परततो. अख्खं गावच घरजावयांचं, त्यामुळे हसायचं कुणी कुणाला? बाई आहे तोवर सगळं झकास चालतं हो. पण बाई गेली, की चांगला सत्तरीचा बाप्या एका दिवसात गाठोड्यासकट दारात.

तसा खैदिर उभा जन्म पाहुणाच होता. या घराचं स्वयंपाकघर त्यानं बांधलं, मागचं माशांचं तळं त्यानं खणलं, पण दारात कुणी आलं तर "या, बसा" म्हणायचं ते रोहानीनं. एकदा त्याचा लहानपणचा मित्र आला आणि नेमकी रोहानी नदीवर गेलेली. हे दोन बाप्ये ती येईपर्यंत खांबांवरच्या घराच्या जिन्याखाली उभ्याउभ्याच गप्पा मारत राहिले. रोहानीनं पाहिलं आणि पोट धरून हसली.

"अहो, बसा म्हणाला असतात तर घर काय कोसळलं असतं?"

"घर तुझं," खैदिर म्हणाला. रागानं नाही. होतंच ते तिचं.

आता त्यानं गाठोडं बांधलं. दोन लुंग्या, नमाजाची चटई आणि आईच्या घरून आणलेलं फावडं. लेक देस्मी चुलीकडे तोंड करून उभी होती. थांबा म्हणावं असं तिला हजारदा वाटलं असेल, पण म्हणायची सोय कुठे होती? तसं म्हणणं म्हणजे, आत्याला भाऊ पोसवत नाही असं तोंडावर सांगणं. दोन घरांत कायमचं वाजलं असतं. जावई आफ्रिजल खांबाला टेकून आपली नखं बघत होता. तो काय बोलणार, तोही पाहुणाच.

"बाबा, लाल कोंबडा न्या," देस्मी एवढंच म्हणाली. "तुमच्याशिवाय मेला कुणाचं ऐकत नाही."

"राहू दे. आत्याकडे मांजरं आहेत," खैदिर म्हणाला, आणि गाठोड्याची गाठ उगाच पुन्हा आवळली.

वाट खाचरांमधून जात होती. कापणी होऊन गेलेली, खाचरांत नुसती धसकटं. रोहानीचं शेवटचं खाचर आणि जस्निमारचं पहिलं, दोन्हींत एकच बांध. या बांधावरून दोघींच्या आया दर पावसाळ्यात भांडायच्या. एका वर्षी भांडणानंतर बांध नीट करायला इकडून पोरगा आला, तिकडून पोरगी आली, आणि तिथंच दोघांचं जमलं. आमच्या बायका तशा दिलदार, मागाल ते देतील. पण बांध? नवरा नेलात तर चार दिवस रडतील, वीतभर बांध सरकवलात तर मरताना नातवंडांना सांगून जातील.

त्या बांधाला लागून खैदिरची खोप होती. पाखरं हाकायला त्यानंच बांधलेली. चार खांब, वर माच, त्यावर झावळ्या आणि बाजूनं रिकामे डबे लटकवलेली दोरी. खोप आली तसा तो म्हणाला, "उनी, जरा दम खातो." थोरल्या बहिणीला आम्ही उनी म्हणतो.

तो माचावर बसला. पराती खाली उतरल्या. माशा घोंघावायला लागल्या तरी हा आपला बसलेलाच.

"झाला का खाऊन दम?" जस्निमारनं विचारलं.

"उनी, तुझ्या घरात खोल्या किती?"

"तुला काय करायच्यात?"

"तीन. तीन लेकी, तीन जावई. मी झोपणार ओसरीत, आणि जावई रात्री उठले की माझ्या पायांवरून जाणार. लहानपणी तरी मी कुठे झोपलो आईच्या घरात? मुलगे सगळे नमाजघरात. मला आता नाही कुणाच्या ओसरीत झोपायचं. मी इथंच राहतो."

"इथं? या खुराड्यात? अरे, लोक माझ्या तोंडात शेण घालतील! म्हणतील, जस्निमारनं सख्खा भाऊ रानात टाकला!"

"सांग त्यांना, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय म्हणून."

"ते लहानपणीच फिरलंय, त्यात नवीन काय सांगू?"

पण तो उठला नाही म्हणजे नाहीच. जस्निमार पराती घेऊन तणतणत घरी गेली.

संध्याकाळी एका बाजूनं देस्मी जेवण घेऊन आली, दुसऱ्या बाजूनं जस्निमार. दोघी खोपीपाशी समोरासमोर.

"आत्या, तुम्ही कशाला त्रास घेतलात? खोप आमच्या जागेत आहे. आमच्या जागेतल्या माणसाला मी उपाशी ठेवीन होय?"

"तुमच्या जागेत? वा गं वा! खोपीची सावली पडते ती माझ्या खाचरात!"

"ती सकाळची. आत्ता बघा कुठे पडलीय."

खैदिर दोन्हीकडचा भात जेवला. करतो काय? चार-पाच दिवस असं चाललं आणि म्हाताऱ्याचं पोट बिघडलं. मग दोघींनी दोन काढे पाठवले, त्यानं ते आणखीच बिघडलं. पण बाकी तो खुशीत होता. दोरीवर लुंगी वाळत घातली, तीन दगडांची चूल मांडली. देस्मीनं गुपचूप सोडलेला लाल कोंबडा छपरावर बसून अख्ख्या शिवाराला दम देऊ लागला. सकाळी उठून खैदिर माच झाडायचा, आणि झाडून झाला की पुन्हा एकदा झाडायचा.

भांडण काही मिटेना, तेव्हा दातुकांना बोलावलं. दातुक म्हणजे गावातले एक वडीलधारे गृहस्थ, बांधांचे तंटे सोडवणारे. आजवर त्यांच्याकडे बायका यायच्या त्या "हिनं माझी जागा खाल्ली" म्हणत. म्हातारा पोसायला मिळावा म्हणून जागेचं भांडण त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी हद्दीची खूण म्हणून लावलेल्या सुपारीच्या झाडापासून लाल पानांच्या झुडपापर्यंत दोरी ताणली, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "चारही खांब देस्मीकडे."

खैदिरला ते ठाऊकच होतं. खोप बांधताना रोहानी कमरेवर हात ठेवून उभी होती. "चारही खांब माझ्याकडे हं! भाऊ त्यांचा असेल, खोप माझी." हे कुणाला सांगावं असं त्याला वाटलं नव्हतं.

देस्मीला आनंद झाला, पण तो टिकला नाही. दातुक दोरी हातात तशीच धरून म्हणाले, "मग बाबा खैदिर, तुला इथं राहता येणार नाही. बायको गेल्यावर बायकोच्या जमिनीवर मुक्काम, ही काही रीत नव्हे. खोप बहिणीच्या जागेत असती तर गोष्ट वेगळी. गाठोडं उचल आणि उनीकडे जा."

जस्निमार जिंकली होती, पण तिचं तोंड पडलं. तिनं वाळत टाकलेल्या लुंगीकडे पाहिलं, चुलीच्या दगडांकडे पाहिलं.  रीत खैदिरलाही ठाऊक होती. त्यानं दोरीवरची लुंगी काढली, घडी घातली, ती नीट जमेना, पुन्हा घातली. जीव तुटत होता त्याचा. एवढ्याशा चार खांबांचीही आपली ऐपत नसावी, असं त्याला वाटलं.

देस्मीनं बापाचं फावडं उचललं.

आमच्या बायका नेसतात ती लुंगी गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि बांधावर घाव घातला. पहिलं ढेकूळ उचलून तिनं आपल्याच खाचरात, खोपीच्या पलीकडे टाकलं. मग दुसरं.

"अगं ए! काय करतेस?" दातुक ओरडले. "आईकडून आलेली जागा आहे ती, अशी देता येत नाही!"

"देतंय कोण?" देस्मी मान वर न करता म्हणाली. "बांध पावसात खचलाय. नीट करतेय."

दातुकांनी वर पाहिलं. आभाळ लख्ख कोरडं होतं. "कुठल्या पावसात?"

"गेल्या वर्षीच्या."

 दातुक दोरी गुंडाळायला लागले. "हो, गेल्या वर्षी फारच पडला बाई," ते म्हणाले.

जस्निमार बघतच राहिली. याच बांधापायी तिच्या आईनं रोहानीच्या आईशी मरेपर्यंत अबोला धरला होता, आणि ही पोर तोच बांध भर उन्हात स्वतःहून उकरत होती.

"वाकडा घालतेस, वाकडा!" म्हातारी एकदम कडाडली. "रोहानीनं काही शिकवलंच नाही का तुला?" आणि खाली उतरून पायांनी माती चेपायला लागली. डोळ्यांतून धारा चाललेल्या, तोंड मात्र बंद नाही. "एवढी जागा माझ्याकडे नको. मागे घे. दोन खांब तुझे, दोन माझे. फुकटचं मला काही नको."

"बरं आत्या."

"बरं काय, मागे घे म्हणते ना!"

बांध झाला. दोघी मातीनं माखून खोपीच्या शिडीपाशी येऊन थांबल्या. आणि थांबल्याच. आता घर कुणाचं, आणि या-बसा कुणी म्हणायचं? देस्मी आत्याकडे बघत होती, आत्या देस्मीकडे. दातुक तर वहाणा हातात घेऊन उभे.

खैदिरनं एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, मग कळलं त्याला. तो माचावर उभा राहिला. हातातली लुंगी त्यानं पुन्हा दोरीवर टाकली. आधी ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. जन्मात कधी न बोललेले शब्द, जिभेला सवय नको?

"उभ्या का?" तो म्हणाला. "या. बसा." आणि मग जरा मोठ्यानं, "पण पाय धुऊन या हं. घर आत्ताच झाडलंय."